एम-सीलचं वशिंड

मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा, कनिष्ठा, त्यांची पिलवंडं, आणि त्यांच्यापुढे मांडलेला सगळा गाव: बैलगाडी, विहीर, जात्यावर बसलेली बाई, भाजीवाला, एखादा पोलीस. ही खेळणी पूर्वी कुंभाराकडून नाहीतर जत्रेतून यायची. आता दुकानात मिळतात ते प्लास्टिकचे सैनिक, टोपीवाले काउबॉय आणि ‘फार्म सेट’मधल्या विलायती गाई. त्या गाईंची पाठ सरळसोट, वशिंडाचा पत्ताच नाही. लक्ष्मीपुढे बिनवशिंडाची जनावरं मांडायला माझं मन घेईना, आणि तिथून मी पुट्टीकडे वळले.

माझं माहेर लातूर, सासर नांदेड. शाळेत शिकवते. बोटभर बाहुल्यांवर पुट्टीनं धोतर, पदर, पटका, शिंगं चढवायची ही कला शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं. जे हाताला कळत गेलं ते शाळेतल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना सांगत असते, तेच इथे लिहिते. क्रमाला फारसा अर्थ नाही. पाचवा आणि सहावा मुद्दा तेवढा सावकाश वाचावा.

१. पुट्टी म्हणजे भिंतीला लावतात ती नव्हे

दुकानात नुसतं ‘पुट्टी द्या’ म्हटलं की पांढऱ्या भुकटीची पिशवी समोर येते. आपल्याला हवी ती इपॉक्सी पुट्टी. रेझिन आणि हार्डनर असे दोन वेगळे गोळे असतात. ते एकत्र मळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही वेळात गोळा कायमचा कडक होतो. नळाची गळती थांबवायला घरोघर असणारं एम-सील हे तिचंच एक रूप. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं, त्या उन्हाळ्यात आईच्या घरच्या टाकीला बारीक चीर होती. थेंबही वाया घालवायची सोय नव्हती. चीर लिंपून बोटांवर जे एम-सील उरलं, ते मी भाचीच्या प्लास्टिकच्या गाईच्या खांद्यावर दाबून बसवलं. सकाळी ते नखानं निघेना.

शाडू किंवा काळी माती वाळते म्हणजे तिच्यातलं पाणी उडतं. पाणी उडालं की ती आकसते, तडकते, आणि प्लास्टिकवर किंवा तारेवर धरतच नाही. इपॉक्सीत पाणी नसतं, म्हणून आकसण्याची भानगडही नसते. एम-सील स्वस्त आणि कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, पण जरा रवाळ. म्युरल करणाऱ्या बायकांना ठाऊक असलेलं फेविक्रिलचं मोल्डइट त्यापेक्षा मऊ आणि शांत आहे. ते पुरतं कडक व्हायला दिवस-रात्र घेतं. जगभरचे छोट्या बाहुल्या घडवणारे लोक वापरतात ती निळ्या-पिवळ्या पट्टीची ‘ग्रीन स्टफ’ ऑनलाइन मागवावी लागते. ती कडक झाल्यावरही किंचित लवचिक राहते, त्यामुळे दोऱ्या आणि गोंडे तुटत नाहीत. मात्र पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत होत नाही. मी बैलाचं अंग एम-सीलचं करते, माणसाचे कपडे मोल्डइटचे आणि वेसण-घुंगरं ग्रीन स्टफची. एकाच पुट्टीवर सगळं भागवायचा हट्ट धरू नये.

२. हरभऱ्याएवढीच घ्या

दोन्ही भाग समान. डोळ्यांचा अंदाज दगा देतो, म्हणून दोन्हींच्या सारख्या जाडीच्या वळ्या करून शेजारी ठेवायच्या आणि सारख्या लांबीच्या कापायच्या. ग्रीन स्टफची पट्टी घेतली तर निळा-पिवळा जिथे एकमेकांना चिकटलेले असतात ती मधली रेघ ब्लेडनं कापून टाकायची. तिथे क्रिया पाकिटातच होऊन गेलेली असते आणि नंतर त्या कण्या नेमक्या नाकाच्या शेंड्यावर येतात. रंगाची एकही शीर दिसेनाशी होईपर्यंत मळायचं. लहान बाहुलीला एका वेळी हरभऱ्याएवढा गोळा पुरतो, उरलेला फेकावाच लागतो.

३. नांदेडचं ऊन पुट्टीला आधी लागतं

उष्णता वाढली की ही क्रिया वेग घेते. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी चढलं की वेग दुपटीच्या आसपास जातो. डिसेंबरात संध्याकाळी ज्या गोळ्याशी तास-दीड तास खेळता येतं, तो मे महिन्यात, पारा त्रेचाळीसवर असताना, वीस-पंचवीस मिनिटांत हटून बसतो. पाकिटावरची वेळ बेताच्या हवेसाठी छापलेली असते; आमच्या मे महिन्याला ती लागू पडत नाही. उन्हाळ्यात मी पहाटे बसते, नाहीतर मोठी आणि ढोबळ कामं, म्हणजे अंग, पाय, बूड, तेवढीच उरकते. चेहरे आणि बोटं हिवाळ्यासाठी राखून ठेवायची.

मळलेला गोळा थंडीत ठेवला तर क्रिया मंदावते, म्हणून फ्रिजचा उपयोग होतो. आमच्याकडे आत्याबाईंनी फ्रिज उघडला आणि विचारलं, “हे काय ठेवायलीस दह्याच्या शेजारी?” त्यांचं बरोबरच होतं. घट्ट झाकणाचा वेगळा डबा, त्यावर ठसठशीत अक्षरांत नाव, आणि लेकरांचा हात पुरणार नाही असा कप्पा. एवढं जमणार नसेल तर फ्रिजचा मोह सोडावा.

४. आधी तार, मग पुट्टी

स्वस्तातले सैनिक ज्या मऊ, मेणचट प्लास्टिकचे असतात त्याला ना गोंद धरतो ना रंग. साबणानं धुवायचं, पॉलिश पेपरनं अंग खरवडायचं, आणि तरीही पुट्टीच्या भरवशावर राहायचं नाही. जिथे भर घालायची तिथे बारीक भोक पाडून तारेचं टोक आत रोवायचं, मग पुट्टी त्या तारेला धरून बसते. तारेसाठी वायंडिंगवाल्याकडे जावं. मराठवाड्यात विहिरी-बोअरच्या मोटारी जळतच असतात, आणि जळालेल्या मोटारीतून निघालेली तांब्याची तार हवी त्या जाडीत मिळते. मऊ असते, हातानं वळते, वळवली तशी राहते. तिच्यावरचं वार्निश मात्र ब्लेडनं खरवडून काढायचं, नाहीतर पुट्टी सरकते.

मागच्या दोन पायांवर उभा घोडा करायचा असेल तर तारेवाचून गत्यंतर नाही. नांदेडला हल्ला महल्ल्याच्या मिरवणुकीत गुरुद्वाऱ्याचे घोडे निघतात, तेव्हा गर्दीत उभं राहून मी फक्त त्यांचे मागचे पाय बघते. घोड्याचा मागचा ‘गुडघा’ म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो ती त्याची टाच असते, आणि ती मागच्या बाजूला वळते. तार नेमकी तिथे वाकवली की उभ्या घोड्याचा अर्धा प्रश्न सुटतो.

५. बैल मागून बघायचा

नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यातलं माळेगाव लागतं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, कुत्री, वाघ्या-मुरळी, तमाशाचे फड, सगळं असतं. माझं येणं-जाणं त्याच रस्त्यावरनं असल्यामुळे जनावरांच्या बाजारात उतरायची सवय लागली. तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं की चांगला बैल ओळखायचा कसा. तो म्हणाला, “बाई, समोरून सगळेच बैल चांगले दिसतेत. मागून चालताना बघा.”

हे मी जसंच्या तसं पुट्टीला लावलं. विलायती गाईचा सांगाडा आणि आपल्या बैलाचा सांगाडा नुसत्या वशिंडानं सारखा होत नाही. फार्म सेटमधली गाय मागून चौकोनी दिसते, पुठ्ठे सपाट आणि रुंद. आपल्या बैलाचा पुठ्ठा शेपटीकडे उतरता असतो, मागून तो अरुंद दिसतो आणि पाय सुटसुटीत दिसतात. म्हणून पहिलं काम भर घालायचं नाही, काढायचं. कास कापून टाकायची. पुठ्ठ्याचे दोन्ही कोपरे ब्लेडनं उतरवायचे. मग खांद्यावर वशिंड. ते पाठीच्या मध्यावर येत नाही, नेमकं पुढच्या पायांच्या वर बसतं, आणि पुढून हळूहळू चढतं, मागे पटकन उतरतं. ओला गोळा बसवला की त्याची कड अंगावर चेपून विरवून टाकायची. जोड दिसला की वशिंड मागाहून चिकटवलेलं वाटतं. शेवटी गळ्याखालची पोळी. ही पातळ पट्टी हनुवटीपासून छातीपर्यंत लोंबते आणि तिला दोन-तीन आडव्या वळ्या हव्यात. वशिंडापेक्षाही या पोळीनं बैल आपला दिसायला लागतो, असं माझं मत आहे.

मग प्रश्न येतो जातीचा. आमच्या दोन जिल्ह्यांत दोन नामांकित जाती आहेत, आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांना आपापली ओळखता आली पाहिजे. लातूर जिल्ह्यातली देवणी स्थानिक जनावरं, डांगी आणि गीर यांच्या संकरातून आलेली. गीरचं फुगीर कपाळ आणि लोंबते कान तिच्यात उतरलेत. म्हणून कपाळावर तीळभर पुट्टी जास्त आणि कान खाली झुकलेले. कंधारची लाल कंधारी अंगानं आटोपशीर, एकरंगी तांबडी. शिंगं दोन्हीकडे सारखी वळलेली. शिंगाला तारेचा गाभा, वर पुट्टीचा पातळ लेप, आणि तो ओल्या बोटांत फिरवत टोकाकडे निमुळता करत न्यायचा. जोडीची चारही शिंगं एकाच बैठकीत करावीत. एक आज आणि एक उद्या केलं की ती कधीच जुळत नाहीत.

एक सांगून ठेवते. पोळ्याला पूजेचे बैल आमच्याकडे कुंभाराकडचे मातीचेच येतात. पुट्टीच्या बैलांचं विसर्जन करायचं नसतं, ते पाण्यात विरघळत नाहीत. ते आरासीचे. श्रावण अमावास्येचा पोळा झाला की आठवड्याभरात महालक्ष्म्या येतात, तेव्हा मातीची जोडी आणि पुट्टीची जोडी थोडे दिवस एकाच कोनाड्यात नांदते.

६. चुणी कोरायची नाही, दाबायची

काउबॉयला धोतर नेसवणं हे बैलापेक्षा अवघड काम. त्याची पँट झाकणं सोपं आहे, पण पायांभोवती पुट्टी थापून वर सुईनं रेघा मारल्या की धोतराऐवजी झाडाचं खोड तयार होतं. सुईची रेघ पुट्टी फाडते आणि दोन्ही कडांना खरबरीत उंचवटे उभे करते. बोथट हत्यार हवं. दातकोरण्याचं घासून गोल केलेलं टोक, खराट्याची काडी, विणायची सुई, काहीही चालेल. ते ओलं करून आडवं धरायचं आणि दाबत लोळवायचं. खोलगट जागा आपण दाबतो, चुणीचा उंचवटा आपोआप दोन दाबांच्या मधे उरतो.

चुणी कुठून कुठे जाते हे मात्र हत्यार सांगत नाही. ते आपण आयुष्यभर बघत आलेलो असतो, फक्त लक्ष दिलेलं नसतं. कापड जिथे बांधलेलं किंवा ताणलेलं असतं तिथून चुण्या निघतात आणि मोकळ्या जागेकडे पसरतात. धोतराला कमरेची गाठ, पुढे आलेला गुडघा आणि मागे खोचलेला काष्टा, ही तीन ठिकाणं. गुडघ्यावर कापड अंगाला चिकटतं, तिथे एकही चुणी नको. मांडीच्या मागे ते सैल पडतं, तिथे खोल आणि जाड चुण्या. दोन टोकांना धरलेलं कापड मधे झोळ खातं, तसा पदराचा झोळ छातीवर येतो. नऊवारी नेसणारी माझी आजी शेंगा फोडत बसायची ती बैठक मला पाठ आहे. काष्ट्यामुळे गुडघे मोकळे, मांडीवर कापड तटतटलेलं आणि घोट्यापाशी चुणीदार. त्या बैठकीची बाई मी अजून दरवर्षी एक तरी करते. बंजारा बाईचा घेरदार फेटिया याच्या उलट: ताण फक्त कमरेला, तिथून सगळ्या चुण्या खाली मोकळ्या. त्यावरचे आरसे पुट्टीत करायच्या फंदात पडू नये, ते रंगाचं काम.

झूल, घोंगडी, शेला यांना दुसरी रीत. दुधाच्या पिशवीचे दोन तुकडे घ्यायचे, आतून टाल्कम पावडर लावायची, मधे मोल्डइटची गोळी ठेवून पेनानं लाटायची, पुरणपोळी लाटताना जशी पिठी लावत जातो तशी पावडर मधूनमधून. पापुद्रा झाला की अर्धा तास तसाच सोडायचा. ताजा पापुद्रा उचलला की ताणून फाटतो, फार थांबलं की वळवताना चिरतो. मधली अवस्था हाताला कळते: बोट लावलं तर चिकटत नाही, वाकवलं तर वाकतं आणि वाकलेलं राहतं. तेव्हा ब्लेडनं हवा तो तुकडा कापून ओल्या ब्रशनं बैलाच्या पाठीवर टाकायचा आणि कडेला गुरुत्वाकर्षणाचं ऐकायचं. घोंगडीला जुन्या टूथब्रशनं वरून टोचे मारले की लोकर दिसते.

७. उठून जायला शिका

अंग करा, कडक होऊ द्या. दुसऱ्या दिवशी धोतर. तिसऱ्या दिवशी पटका आणि हात. ओल्या अंगावर ओलं कापड चढवलं की बोट एकीकडे लागतं आणि दुसरीकडचं सपाट होतं. कडक झालेला भाग बिनधास्त हातात धरता येतो, हा सगळ्यात मोठा फायदा. म्हणून मी एका वेळी सात-आठ बाहुल्या कामाला घेते. एकीचं अंग कडक होतंय तोवर दुसरीचा पदर. घरच्यांना वाटतं बाई नुसती बघत बसली आहे.

८. खरं माप खोटं दिसतं

आपल्याकडे मिळणारे बरेच सैनिक चोपन्न मिलिमीटरच्या आसपासचे, म्हणजे माणसाच्या साधारण एक बत्तीसांश. तीन मिलिमीटर जाडीची पाटली बत्तीस पट लहान केली तर मिलिमीटरचा दहावा भागही भरत नाही. ती दिसणारच नाही. म्हणून दागिने, पटक्याचे पीळ, मिशा हे जाणून-बुजून जाड करायचे, आणि बारीकसारीक निम्मं गाळायचं. पाच बोटं करण्यापेक्षा अंगठा वेगळा आणि चार बोटांची एक मूठ बरी दिसते.

ही युक्ती माझी नाही, फार जुनी आहे. लातूरहून जवळ, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या छोट्या मृण्मूर्ती आहेत. त्यांतल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती दोन साच्यांतून काढलेल्या, पुढची अर्धी आणि मागची अर्धी जोडून केलेल्या. मूर्ती हातात मावेल एवढी, पण केशरचना आणि शिरोभूषण डोक्याच्या मानानं भरघोस. त्या कारागिरांनी माप मोडलं म्हणून आज काचेपलीकडून त्या बाईचा थाट दिसतो. जोड कुठे लपवला आहे तेही बघून घ्यावं. देगलूर तालुक्यात होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर चालुक्यांच्या काळातल्या सुरसुंदरी आहेत. दगडावर रंग नाही, तरी दागिने लांबून उठून दिसतात, कारण शिल्पकारानं दागिन्याच्या कडेला खोल कापून सावलीची सोय केली आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात जावं. घरी येऊन मी हाराच्या खालच्या कडेला सुईच्या टोकानं एक दाब देते, तेवढ्यानं हार अंगापासून सुटतो.

९. हातमोजे

यात चर्चा नाही. हार्डनरमुळे कातडीला अॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा जडली की पुढे थोड्याशा स्पर्शानंही खाज आणि पुरळ उठतं. पातळ हातमोजे घाला. ते चिकटायला लागले की पाण्याचं नाहीतर व्हॅसलीनचं बोट लावा, पण व्हॅसलीन पुढचा थर बसवायच्या आधी साबणानं धुऊन काढा. कडक पुट्टी घासायची तर पॉलिश पेपर ओला करून, नाकाला मास्क लावून. भुकटी छातीत जाऊ देऊ नका. पोळपाट, लाटणं, चमचे या कामाला एकदा वापरले की ते स्वयंपाकघरातून गेले असं समजा.

१०. रंगाच्या आधी एक करडा हात

एम-सील करडं, मोल्डइट वेगळ्या रंगाचं, ग्रीन स्टफ हिरवी, खालचं प्लास्टिक आणखी चौथं. एवढ्या रंगांत आकाराचे दोष झाकले जातात. सगळ्यावर एकसारखा करडा प्रायमर मारला की खड्डे, बोटांचे ठसे, सुटलेले जोड लख्ख दिसतात. तेव्हाच भरून घ्या.

लाल कंधारी रंगवायला सोपी: तांबडा रंग, पायांकडे आणि मानेकडे जरा गडद, डोळ्याभोवती काळी कड. देवणीत तीन प्रकार, आणि पाहुण्यांत जाणकार असतात. वानेरा अंगानं पांढरा आणि तोंडाला काळा. बालंक्या पांढरा, काळे ठिपके अंगाच्या खालच्या बाजूला. शेवेरा पांढऱ्यावर वेडेवाकडे काळे ठिपके. यंदा मला शेवेरा करायचा आहे, कारण त्याचे ठिपके कुठेही पडले तरी चालतात. नणंदेचं म्हणणं बालंक्याच पाहिजे. तिच्या सासरी उदगीरला दावणीला बालंक्या होता, आणि त्याचा कुठला ठिपका कुठे होता हे तिला अजून सांगता येतं. मी जोडी तयार करून ठेवली आहे, प्रायमरही मारला आहे. ठिपके तीच येऊन देणार आहे.